एकदल की द्विदल? बी, पान, फूल, मूळ आणि खोड पाहून झाड ओळखण्याची रीत

शाळेतला तक्ता बहुतेकांना आठवतो. एकदल म्हणजे बियात एक दल, तंतुमुळं, समांतर शिरा आणि तीनच्या पटीत पाकळ्या. द्विदल म्हणजे बियात दोन दलं, सोटमूळ, जाळीदार शिरा आणि चार किंवा पाचच्या पटीत पाकळ्या. पाठ्यपुस्तकात यांनाच एकबीजपत्री आणि द्विबीजपत्री म्हणतात. मका आणि हरभरा शेजारी ठेवले तर तक्त्यातली ओळन् ओळ पटते.

तोच तक्ता घेऊन पावसाळ्यात बांधावर गेलात, की अडायला होतं. सुरणाच्या पानात जाळी दिसते, पण सुरण एकदल आहे. गुळवेलीचं फूल तीनच्या पटीत असतं, पण गुळवेल द्विदल आहे. केन्याचं पान चांगलं रुंद, म्हणून त्याला द्विदल समजणारे पुष्कळ भेटतात, आणि केना तर पक्का एकदल. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये. पाच जागा पाहाव्यात, प्रत्येक जागा कुठे फसवते ते माहीत असावं, आणि तीन-चार खुणा एका बाजूला झुकल्या की मग नाव घ्यावं. ही रीत पालक, शिक्षक, रानात फिरणारे आणि शेतकरी अशा सगळ्यांच्या उपयोगाची आहे, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

बी: सुरुवात स्वयंपाकघरातून

मूठभर वाल, थोडे शेंगदाणे, हरभरे आणि मक्याचे वाळलेले दाणे रात्री पाण्यात भिजत घाला. पॉपकॉर्नचा मका चालतो, कणसाचे उकडलेले दाणे चालत नाहीत.

सकाळी वालाचं साल काढा. बिरड्यासाठी डाळिंब्या सोलतो तसंच. दोन जाड फाकी अलगद सुटतात. हीच ती दोन दलं, म्हणजे रोपाची पहिली दोन पानं. पुढे लागणारं अन्न त्यांत आधीच साठवलेलं असतं. दोन्ही फाकी जिथे जोडलेल्या असतात तिथे एक बारीक टोक दिसेल. त्याचा एक भाग मूळ होणार, दुसरा कोंब. शेंगदाण्यात हे टोक आणखी स्पष्ट दिसतं. तूर, मूग, उडीद, हरभरा यांची डाळ होते ती याच दोन फाकी वेगळ्या झाल्यामुळे.

आता मका. दाण्याच्या एका चपट्या बाजूवर फिकट लंबगोल भाग दिसतो. त्याच्या मधोमध, टोकापासून बुडापर्यंत, धारदार सुरीनं उभा काप घ्या. लहान मुलं सोबत असतील तर सुरी मोठ्यांनीच धरावी. एका बाजूला छोटा भ्रूण दिसेल आणि बाकी सगळी जागा पिठूळ साठ्यानं भरलेली असेल. हा साठा म्हणजे भ्रूणपोष. मक्याचं एकमेव दल भ्रूणाला चिकटून असतं. अन्न साठवण्याचं काम त्याच्याकडे नाही, भ्रूणपोषातून अन्न शोषून रोपाला देणं हे त्याचं काम. कापावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. पिठूळ भाग काळा-निळा होतो, भ्रूण बराचसा तसाच राहतो. हरभऱ्याच्या फाकीवर थेंब टाकला तर तीही काळवंडते. शेंगदाण्यावर रंग फारसा चढत नाही, कारण तिथे साठा मुख्यतः तेलाचा आहे.

यावरून ‘एकदलात भ्रूणपोष असतो, द्विदलात नसतो’ असा नियम मात्र करू नका. एरंड द्विदल आहे आणि त्याच्या बियात भरपूर भ्रूणपोष असतो. उलट आमरी, म्हणजे ऑर्किड, एकदल असूनही तिच्या धुळीएवढ्या बियांत तो जवळजवळ नसतोच.

एकदलाचं दल डोळ्यांनी मोठं पाहायचं असेल तर रुजलेला नारळ फोडा. आत जो हलका, सच्छिद्र, गोडसर गोळा मिळतो आणि कोकणात मुलं ज्यावर तुटून पडतात, ते नारळाचं दल. शहाळ्याचं पाणी आणि खोबरं हा भ्रूणपोष, आणि तो गोळा वाढत वाढत ते खोबरं शोषून घेत असतो.

रुजताना काय दिसतं

एका कुंडीत मूग, हरभरा, मका आणि कांद्याचं काळं बी वेगवेगळ्या ओळींत पेरा. माती ओलसर ठेवा, चिखल करू नका. रोज एकदा पाहा आणि चित्र काढा. फोटोपेक्षा चित्र बरं, कारण काढताना नजर थांबते.

मुगाची दोन्ही दलं मातीतून वर येतात, काही दिवस टिकतात, मग सुकून गळतात. हरभऱ्याची दलं वर येतच नाहीत. ती मातीखाली राहतात आणि थेट कोंब वर येतो. तूर आणि वाटाणाही असेच. त्यामुळे ‘रोपाला दोन जाड पानं आली नाहीत, म्हणजे एकदल’ हा तर्क हरभऱ्यापाशी कोसळतो. शंका आली तर रोप हलकेच उपटून खाली पाहा, दोन फाकी तिथे सापडतील. मक्याचा कोंब टोकदार आवरणातून सुईसारखा वर येतो आणि पहिलं पान गुंडाळी उलगडत बाहेर पडतं. कांद्याचं दल आधी वाकून कमानीसारखं वर येतं, मग सरळ होतं. बियाचं काळं टरफल बरेचदा त्याच्या टोकाला तसंच लटकलेलं असतं.

सोयाबीन मुगासारखंच दोन्ही दलं वर ओढून आणतं. म्हणूनच पेरणीनंतर जोराचा पाऊस येऊन जमिनीवर पपडी धरली की सोयाबीन अडकतं, मान मोडते. बी ३ ते ५ सेंटिमीटरपेक्षा खोल टाकू नये असं सांगतात, त्यामागे हेच कारण आहे.

पान: धरा, उजेडात पाहा, फाडा

शिरा पाहायच्या तर पान उजेडाकडे धरा. आंब्याच्या पानाच्या बाजूच्या शिरा वरवर समांतर वाटतात, पण उजेडात त्यांच्यामधली बारीक जाळी स्पष्ट होते. केळी, हळद आणि कर्दळ यांच्यात मधली एक जाड शीर असते, आणि तिच्यापासून असंख्य शिरा एकमेकींना समांतर कडेपर्यंत जातात. म्हणून वाऱ्यानं केळीचं पान सरळ पट्ट्यांत फाटतं. हीच एक सोपी चाचणी: पान फाडून पाहा. ऊस, मका, कर्दळ सरळ रेषेत फाटतात. जास्वंद किंवा वडाचं पान वेडंवाकडं फाटतं.

आता शिरांहून जास्त भरवशाची आणि फारसं कुणी न पाहणारी जागा: पान खोडाला जिथे जोडलेलं असतं ते बूड. एकदलांत हे बूड बहुधा पसरट होऊन खोडाला वेढतं. ज्वारीचं पान सोलून काढताना खोडावर म्यान चढवल्यासारखा भाग हाती येतो, तो हाच. केन्यातही हे म्यान नीट दिसतं. केळीचं ‘खोड’ तर पूर्णपणे अशा म्यानांचंच बनलेलं आहे, खरं खोड जमिनीत कंदाच्या रूपात असतं. द्विदलांत पानाचा देठ बहुधा एका ठिपक्याएवढ्या जागेत खोडाला जोडलेला असतो. अपवाद कोथिंबीर-बडीशेपेच्या कुळाचा: त्यांचे देठ बुडाशी पसरून खोडाला वेढतात. कास पठारावरची पंद याच कुळातली.

रस्त्याकडेची ऑस्ट्रेलियन बाभूळ हा आणखी एक सापळा. तिच्या कोयत्यासारख्या वाकड्या ‘पानात’ लांबवर समांतर शिरा दिसतात. प्रत्यक्षात ते पान नाही, चपटा झालेला देठ आहे. तिचं अगदी लहान रोप पाहायला मिळालं तर पहिली पानं आपल्या बाभळीसारखी बारीक पिसांची असतात.

फूल: मोजा, पण काय मोजताय ते पाहून

निशिगंधाच्या सहा पाकळ्या, कळलावीच्या सहा, कांद्याच्या बारीक फुलाच्या सहा. जास्वंद, सदाफुली, गुलमोहर यांच्या पाच. मोहरीच्या चार. इथवर तक्ता बरोबर चालतो.

दुहेरी फुलांत पाकळ्या मोजू नका. बागेतल्या गुलाबाला कितीही पाकळ्या असोत, फूल उलटं करून पाठीमागची हिरवी निदलं मोजली तर ती पाचच भरतात. झेंडू, सूर्यफूल, सोनकी हे एक फूल नसून अनेक बारीक फुलांचा गुच्छ आहे. सूर्यफुलाच्या मधल्या तबकडीतलं एक फूल सुईनं वेगळं काढा आणि भिंगाखाली धरा, वरच्या टोकाला पाच दाते दिसतील.

बोगनवेल पुष्कळांना चकवते. तीन रंगीत ‘पाकळ्या’ पाहून तिला एकदल म्हणतात. ती रंगीत पानं आहेत, आणि खरं फूल म्हणजे त्यांच्या आतली बारीक फिकट नळी, तोंडाशी पाच भागांत उघडणारी. केळफुलाच्या जांभळट पाऱ्याही अशाच. फुलं त्या पाऱ्यांखाली ओळीनं बसलेली असतात.

गवतांना पाकळ्या नसतात. ज्वारी फुलोऱ्यात असताना कणसावर लोंबणारे परागकोश पाहा. ज्वारी, गहू, मका यांच्या एका फुलात तीन पुंकेसर, भातात सहा. तीनचा हिशेब इथेही टिकतो.

फळाच्या आतले कप्पे मोजून मात्र निर्णय घेऊ नका. काकडीचा आडवा काप तीन भागांचा दिसतो, एरंडाचं फळही तिघाडी असतं, आणि दोन्ही द्विदल आहेत.

मूळ

इथे थोडक्यात सांगतो, कारण ही खूण सर्वांत लवकर पुसली जाते. मेथी, माठ, हरभरा उपटला तर मधलं एक जाड मूळ खाली जातं. गहू, कांदा, हरळी उपटली तर सारख्या जाडीचा झुपका हाती येतो. पण रोप बियापासून वाढलेलं असेल तरच सोटमुळाची अपेक्षा धरावी. छाटापासून लावलेल्या तगरीला किंवा जास्वंदीला सोटमूळ नसतं, तरी ती द्विदलच. कंदावरूनही काही ठरत नाही. कांदा, सुरण, हळद एकदल आहेत, रताळं आणि बटाटा द्विदल. कासवरच्या कंदिलपुष्पाला जमिनीखाली कंद असतो, आणि तेही द्विदल.

खोड: लाल शाईचा प्रयोग

तेरड्याची एक ताजी फांदी आणि निशिगंधाचा एक दांडा घ्या. बुडाशी पाण्यात धरूनच तिरका काप द्या आणि दोन्ही लाल शाई घातलेल्या पाण्यात काही तास उभे ठेवा. मग मधून आडवा पातळ काप काढून पाहा. रंग पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांतूनच चढतो. तेरड्यात लाल ठिपके कडेजवळ एका वर्तुळात मांडलेले दिसतील, निशिगंधात ते आतपर्यंत विखुरलेले. गहू किंवा भाताची काडी या प्रयोगाला घेऊ नका. ती आतून पोकळ असते आणि ठिपके कडेलाच राहतात.

या मांडणीचा परिणाम मोठा आहे. द्विदल झाडांत त्या वर्तुळावर सतत नव्या पेशी तयार करणारा पातळ थर असतो. त्याच्यामुळे खोड दरवर्षी जाड होतं, आणि सागाच्या ओंडक्यावर वलयं दिसतात. नारळाला हा थर नाही. त्याचं खोड सुरुवातीला घेतलेल्या जाडीतच उंच जातं, आणि चढण्यासाठी पाडलेल्या खाचा कधी भरून येत नाहीत. बांबूचा कोंब तर जमिनीतून बाहेर येतो तोच पूर्ण जाडीचा.

कलम आंब्याचं होतं आणि नारळाचं होत नाही, ते यामुळेच. खुंट आणि काडी यांचे हे थर एकमेकांना भिडले तर जोड सांधतो. भिडवायला थरच नसेल तर सांधणार काय? म्हणून नारळ बियापासून लावतात, केळी मुनव्यांपासून, ऊस डोळ्यांच्या कांड्यांपासून. उलट बाजूही आहे. आंब्याच्या खोडाची साल पूर्ण वर्तुळात काढली तर झाड वाळतं, नारळ वरवरच्या जखमेनं मरत नाही. पण नारळाला वाढीचं टोक एकच असतं. गेंड्या भुंग्यानं किंवा कोंबकुजीनं ते गेलं, की माड गेला. आंबा छाटला तर दहा ठिकाणांहून फुटतो.

एकसारख्या पानांच्या तीन वेली

कोकणात आणि घाटात हृदयाच्या आकाराच्या पानांच्या तीन वेली सहज भेटतात: करांदा, गुळवेल आणि नागवेल, म्हणजे विड्याच्या पानांची. पान एकट्यानं पाहिलं तर तिन्हींत मुख्य शिरा बुडाशी एका जागेतून निघून टोकाकडे वळतात आणि मध्ये जाळी असते. तक्ता तिघींनाही द्विदल म्हणेल.

करांदा एकदल आहे. पावसाळ्यात वाढतो, पुढे वरचा वेल वाळून जातो, पानांच्या बगलेत गोलसर करांदे धरतात, बारीक फुलं सहा भागांची असतात. खोड वर्षानुवर्षं जाड होत नाही. गुळवेलीचं खोड मात्र जाड होत जातं. त्याची पातळ साल सोलली तर खालचा भाग हिरवा निघतो, आणि झाडावरून दोरीसारखी मुळं खाली लोंबतात. तिच्या खोडाचा आडवा काप घेतला तर मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या आऱ्या दिसतात. हा द्विदलाचा सज्जड पुरावा, मग फुलात सहा निदलं आणि सहा पाकळ्या असोत. औषधासाठी गुळवेल गोळा करणाऱ्यांनी पानावर न जाता खोडाचा काप पाहावा.

आणि नागवेल? तिच्यामुळे तक्त्यातली एक मोठी दुरुस्ती समोर येते.

सीताफळ, मिरी, सोनचाफा: तिसरा कप्पा

बियातल्या दलांवरून सपुष्प वनस्पतींचे दोन भाग पाडण्याची मांडणी इंग्लंडच्या जॉन रे यांनी १७व्या शतकात पुढे आणली आणि ती ३०० वर्षं टिकली. १९९८ साली अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या गटानं जनुकांच्या पुराव्यावर आधारलेलं नवं वर्गीकरण प्रसिद्ध केलं. त्यात एकदल हा एका पूर्वजापासून आलेला सलग गट म्हणून टिकला. ‘द्विदल’ मात्र एकसंध राहिला नाही. त्यातला फार मोठा भाग, ज्यांच्या परागकणांना मुळात तीन छिद्रं किंवा खाचा असतात, तो खरे द्विदल म्हणून वेगळा निघाला. सीताफळ, सोनचाफा, दालचिनी, काळी मिरी आणि नागवेल या जुन्या शाखेतल्या वनस्पती त्याच्या बाहेर पडल्या. त्यांच्या बियात दलं दोनच, पण परागकणाची मूळ घडण एकदलांसारखी, एकाच छिद्राची.

आता सीताफळाचं फूल हातात घ्या. बाहेर तीन जाड, मांसल पाकळ्या, आत तीन अगदी खुरटलेल्या. तीनचा हिशेब, पण पानात जाळी, खोडाला वलयं आणि बियात दोन दलं. इतक्या वर्षांत मला या फुलाचा कंटाळा आलेला नाही.

कुमुद आणि कमळ एकाच तळ्यात असतात, पण नात्यानं फार लांब. कुमुद सपुष्प वनस्पतींच्या अगदी जुन्या फांदीवर बसतं. कमळ खऱ्या द्विदलांतलं आहे, आणि त्याच्या जवळच्या नातेवाइकांत काश्मीरचा चिनार येतो.

शाळेत मुलांना शिकवताना एकदल-द्विदल ही जोडी ठेवायला हरकत नाही, पण सीताफळाचं फूल वर्गात जरूर न्यावं.

शेतात: तण ओळखलं तरच उपाय लागू पडतो

शेतात ही ओळख पैशांची बचत करते. २,४-डी हे तणनाशक रोपाच्या वाढीच्या संप्रेरकासारखं वागतं. रुंद पानांच्या द्विदल तणांची वाढ त्यानं विस्कटते आणि ती मरतात, ज्वारी, मका, ऊस यांना शिफारशीच्या मात्रेत आणि योग्य वेळी ते सोसतं. म्हणून उसातलं गाजरगवत त्यानं आटोक्यात येतं. पण शेजारी कापूस किंवा द्राक्षबाग असेल तर वाऱ्यानं उडालेले थेंबही नुकसान करतात, दोन्ही पिकं याला फार नाजूक आहेत. वारा असताना फवारू नका आणि तोच पंप न धुता दुसऱ्या पिकावर वापरू नका.

सोयाबीनमध्ये उलटा प्रश्न असतो: पीक द्विदल, गवत मारायचं. तिथे क्विझालोफॉपसारखी निवडक औषधं चालतात. गवतांच्या शरीरातलं मेदाम्लं तयार करणारं एक विकर त्यांनी बंद पडतं. इथे नीट लक्ष द्या. ही औषधं ‘एकदल मारणारी’ नाहीत, गवतकुळ मारणारी आहेत. लव्हाळा एकदल असला तरी गवत नाही. त्याची काडी बोटांत फिरवून पाहा, तीन कडा लागतात. गवताची काडी गोल किंवा चपटी असते आणि तिला पेरं असतात. लव्हाळ्यावर गवताचं औषध मारलं तर पैसे वाया जातात, आणि जमिनीखालच्या गाठी तशाच राहतात.

केन्याचंही तेच. रुंद पान पाहून तो द्विदल तणांत मोजला जातो आणि गवताच्या औषधालाही दाद देत नाही. ओळख पटवायची तर पानाच्या बुडाचं म्यान पाहा आणि सकाळी फूल पाहा: दोन निळ्या पाकळ्या ठळक, तिसरी लहान. औषध निवडताना डब्यावरच्या माहितीपत्रकात केन्याचं नाव आहे का ते वाचा आणि कृषी सहायकांना विचारून घ्या. खुरपणी करायची असेल तर तो कोवळा असतानाच करा, कारण केन्याला जमिनीखालीही फुलं येतात आणि तिथेच बी धरतं. उपटलेला केना ओल्या सरीत किंवा बांधावर टाकू नका. पेरांतून मुळं फुटून तो पुन्हा धरतो. शेताबाहेर नेऊन कडक उन्हात पसरा.